स्पीड, ताकद की नेम? आधी पोराचे पाय बघा

शिरपूरच्या एका भाऊंनी विचारलंय, त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली कराटेला जातो. क्लासचे सर म्हणतात आधी ताकद वाढवा. मुलाचा मामा जुना पैलवान, तो म्हणतो ताकद बैलालाही असते, चपळाई पाहिजे. आणि पोरगं मोबाईलवर व्हिडिओ बघून बापालाच शिकवतंय की पप्पा सगळं अ‍ॅक्युरसीवर असतं. तर मग स्पीड, पॉवर, अ‍ॅक्युरसी यात पहिला नंबर कोणाचा?

भाऊ, एका घरात तीन मतं म्हणजे तुमची पंचाईत समजते. मला विचाराल तर पहिला नंबर नेमाचा, म्हणजे पोरगं जिंकलं. पण नेम म्हणजे त्याला वाटतोय तो नाही, म्हणून जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.

मी मूळचा मातीतला. अमळनेरकडच्या गावात आखाडा, मग नोकरीसाठी जळगावला आलो तिथे ज्युडो, मग कराटे, आणि आता पंचवीस-तीस वर्षं पोरं शिकवतोय. सतरा वर्षांचा असताना माझ्या अंगात जोर भरपूर होता, ज्वारीचं पोतं एकटा उचलून गाडीत टाकायचो, त्याचा माज पण होता. एका यात्रेच्या दंगलीत जोड लागली ती माझ्याहून बारक्या पोराशी. मी मनात म्हटलं दोन मिनिटांचं काम आहे. शड्डू ठोकला आणि सरळ पटात, म्हणजे त्याचे पाय धरायला, घुसलो. ते पोरगं मागे सरकलं नाही, घाबरलं नाही, फक्त अर्धं पाऊल बाजूला झालं. माझे दोन्ही हात हवेत, आणि मी माझ्याच जोराने तोंडावर मातीत. पुढचं त्याने आरामात केलं, पाठीवर आलं, मोळी नावाच्या डावाने मला बांधलं आणि मी चीत. लोक हसले ते वेगळंच, गावात चार दिवस बाहेर निघालो नाही.

वस्ताद ओरडले नाहीत. घरी येताना बैलगाडीत एवढंच म्हणाले, "जोर शे रे तुनामा, पन जागा कोठे शे?" म्हणजे जोर आहे रे तुझ्यात, पण जागा कुठे आहे?

हा "जागा" शब्द मला कळायला दहा वर्षं लागली. मी समजायचो जागा म्हणजे समोरच्याच्या अंगावरची जागा, कुठे धरायचं, कुठे मारायचं. ते म्हणत होते माझी जागा. माझे पाय कुठे आहेत, समोरच्यापासून किती लांब, त्याच्या नाकासमोर की खांद्याच्या रेषेबाहेर, आणि तो कोणत्या पायावर वजन टाकून उभा आहे तेव्हा मी घुसतोय. हे सगळं बरोबर असेल तर हात आपोआप लागतो. हे चुकलेलं असेल तर हाताचा नेम कितीही पक्का करा, भिंतीवरच्या ठिपक्याला लागेल, हलणाऱ्या माणसाला लागणार नाही. म्हणून मी म्हणतो नेम हा पायात असतो, हात फक्त निरोप पोचवतो.

ज्युडोत गेलो तेव्हा तिथे हेच जपानी नावाने भेटलं. ज्युडोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ साली कोडोकान नावाची शाळा काढली, त्यांच्याकडे फेक तीन भागात शिकवतात, आधी कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल बिघडवणं, मग त्सुकुरी म्हणजे स्वतः बरोबर जागेवर बसणं, आणि शेवटी काके म्हणजे प्रत्यक्ष फेकणं. जोर लागतो तो तिसऱ्या भागात, तोही थोडाच. मी पहिल्या दिवशी हे ऐकलं आणि मला आमचे वस्ताद आठवले, त्यांना जपान कुठे आहे ते पण माहिती नव्हतं.

आता तुमच्या पोराने व्हिडिओत तो फॉर्म्युला नक्की पाहिला असेल. ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, वेग दुप्पट केला तर चौपट, म्हणून स्पीडच सगळं. गणित बरोबर आहे. पण त्यात वस्तुमान कोणाचं धरायचं हे कोणी सांगत नाही. नुसता हात झपकन फेकला तर त्यामागे फक्त हाताचं वजन असतं. तोच ठोसा मागच्या पायाच्या चवड्यापासून निघाला, कंबर वळली, खांदा मागोमाग आला आणि मनगट सरळ राहिलं तर त्यामागे अंगाचा मोठा भाग येतो. माशी मारायला पण हात खूप जोरात जातो हो, माशी मरते, माणूस पडत नाही.

माझे आजोबा बाभळीची लाकडं फोडायचे. सत्तरीचा म्हातारा, अंगावर मांस नाही, आणि आम्ही दोन तरणे भाऊ घामाघूम होऊन जे ओंडके फुटेनात ते आजोबा चार घावात फोडायचे. आम्ही बघायचो कुऱ्हाड किती जोरात येते. ती जोरात येतच नव्हती. ते आधी ओंडक्याभोवती फिरायचे, कुठे चीर आहे, गाठ कुठे आहे ते बघायचे, पाय रोवायचे, आणि मग दुसरा घाव पहिल्या घावाच्याच खाचेत, तिसरा त्याच खाचेत. आमचे दहा घाव दहा ठिकाणी. ताकद आमची जास्त होती पण ती दहा ठिकाणी वाटली गेली. पॉवर आणि अ‍ॅक्युरसीचं नातं मी आजही पोरांना या कुऱ्हाडीवरूनच सांगतो, त्यांना फॉर्म्युल्यापेक्षा हे लवकर कळतं. शहरातल्या पोरांना कुऱ्हाड दाखवावी लागते ही गोष्ट वेगळी.

आता स्पीड. यात लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ असतो. पोरांना सांगितलं "फास्ट मार" की ते आधी मूठ आवळतात, दात आवळतात, खांदे कानापर्यंत वर येतात, आणि मग मारतात. म्हणजे गाडी चालवायची पण हॅन्डब्रेक ओढून. आवळलेला स्नायू हळू चालतो, हे कोणीही घरी करून बघा, हात पूर्ण आवळून टेबलावर बोटं वाजवा आणि मग ढिला सोडून वाजवा. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल म्हणून पाठीच्या कण्याचे मोठे अभ्यासक आहेत, त्यांनी २०१० मध्ये एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या खेळाच्या, चांगल्या फायटर लोकांच्या स्नायूंचं मोजमाप छापलं होतं, त्यात दिसलं की फटका निघताना स्नायू एकदा आवळतात, मधल्या प्रवासात ढिले पडतात, आणि लागायच्या क्षणी परत आवळतात. म्हणजे मधला ढिलेपणा स्पीड देतो आणि शेवटचा आवळा वजन देतो. कराटेत जुने सर लोक हेच "शेवटी मूठ बंद करा" असं सांगतात, आम्ही ऐकत नव्हतो.

आणि दुसरं म्हणजे स्पीड घड्याळावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त असते. डोळ्याने दिसलं आणि हात हलला यात साधारण २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग, चांगल्या तयार माणसाचे पण. तुमचा ठोसा थोडा हळू असला पण तो निघतोय हे समोरच्याला कळलंच नाही, तर तो उशिराच हलणार. उलट ठोसा एकदम फास्ट पण मारायच्या आधी कोपर मागे ओढलं, खांदा वर उचलला, श्वास फुस्स केला, तर तुम्ही त्याला पत्र पाठवून कळवलं की मी येतोय. माझ्या क्लासमध्ये एक मुलगी होती, धावण्यात शेवटची, पण कुमितेत, म्हणजे कराटेतल्या समोरासमोरच्या लढतीत, तिचा हात कोणालाच दिसायचा नाही. कारण ती मारायच्या आधी काहीच करायची नाही. काहीच नाही. हे शिकवता येतं पण फार चिकाटी लागते, आरशासमोर उभं राहून स्वतःची चोरी पकडायची.

तिसरं, डावांची गर्दी. १९५२ साली हिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की समोर पर्याय जितके जास्त तितका निर्णयाला वेळ जास्त. ज्या पोराला चाळीस डाव येतात ते उभं राहून विचार करतं, ज्याला चार येतात ते मारून मोकळं होतं. म्हणून स्पीड वाढवायची असेल तर पोराचे निम्मे डाव स्पर्धेपुरते काढून घ्या. पालकांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं फी भरली आणि सर कमी शिकवतात.

आता एक गोष्ट तुमच्या मुलाच्या खेळाची, कारण तो कराटेत आहे. टोकियो ऑलिम्पिक, ऑगस्ट २०२१, पुरुषांच्या ७५ किलोवरच्या गटाची फायनल. सौदीचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे. त्याने इराणच्या सज्जाद गंजजादेहला एक उंच लाथ मारली, इतकी नीट बसली की समोरचा जागेवर बेशुद्ध, स्ट्रेचरवर नेला. बॉक्सिंगमध्ये ठोशाने असा पाडला असता तर तिथेच सोन्याचं मेडल हातात. इथे पंचांनी अति जोराच्या फटक्यासाठी हामेदीला बाद केलं आणि सोनं मिळालं बेशुद्ध पडलेल्या गंजजादेहला. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं होतं, अजून वाटतं, वर्षानुवर्षांची मेहनत गेली. पण नियम तो नियम. या कुमितेत ठोशाला एक पॉइंट, पोटा-छातीवरच्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन, आणि सगळं कंट्रोलमध्ये पाहिजे. म्हणजे इथे ताकद असून चालत नाही, ती बरोबर जागेवर थांबवता आली पाहिजे. थांबवणं हा पण नेमच आहे, तो खोलीचा नेम, किती आत जायचं त्याचा.

खेळ बदलला की हिशोब बदलतो. तायक्वांदोत अंगावरच्या चेस्टगार्डमध्ये सेन्सर असतात, ठरावीक जोर बसला तरच लाथेचा पॉइंट लागतो, म्हणून तिथे नुसता स्पर्श चालत नाही. मातीतल्या जुन्या दंगली कुस्तीत घड्याळ नसतं, पाठ टेकली तरच निकाल, तिथे दम आणि ताकद समोरच्याला मुरवून मुरवून जिरवते. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड, तिथे जो आधी हलतो त्याचा पॉइंट. आपले खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा त्यांना मॅट नवीन होती, सहावे आले, आणि १९५२ ला हेलसिंकीला बारक्या वजनगटात कांस्यपदक घेऊन आले. बारका माणूस, पण चपळाई अशी की मामाचं म्हणणं तिथे शंभर टक्के खरं.

सरांचं म्हणणं पण खोटं नाही. वजनगट कशासाठी असतात हो? दोघांचा नेम सारखा असेल, स्पीड सारखी असेल, तर जास्त ताकदीचा जिंकतो, यात वाद नाही. आपल्या चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असे सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले, त्या गटात नुसत्या नेमावर उभं राहून दाखवा बरं, समोरचा शंभर किलोवरचा माणूस अंगावर पडला की नेम वगैरे सगळं मातीखाली जातं. ताकदीला नावं ठेवणारे बहुतेक वेळा ताकद नसलेले असतात, हे मी माझ्यासकट बोलतोय, आता गुडघे बोलायला लागलेत.

पण ताकद आयत्या वेळी फसवते पण. बॉक्सर जॉर्ज फोरमन १९७४ ला आफ्रिकेत किन्शासाला आला तेव्हा ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. वय पंचवीस. समोर मोहम्मद अली, बत्तीस वर्षांचा. अलीने त्याला दोरीवर टेकून मारू दिलं, दंडावर, कोपरावर, जिथे लागून काही होत नाही तिथे. फोरमनचे फटके कमी जोरदार नव्हते, जागा चुकत होती, आणि चुकलेला फटका मारणाऱ्यालाच दमवतो. मधूनमधून अली सरळ उजवा हात तोंडावर ठेवून द्यायचा. आठव्या राउंडला दमलेला फोरमन खाली. आमच्या आजोबांच्या ओंडक्याचीच गोष्ट, फक्त आफ्रिकेत.

आता रस्त्यावरच्या मारामारीचं. मी कोणाला शिकवत नाही, पळता येत असेल तर पळा असंच सांगतो. पण नेम चुकला की स्वतःचं काय होतं ते माझ्या अनुभवातून ऐका. बावीस-तेवीस वर्षांचा होतो, ग्लोव्हज न घालता मित्रासोबत सराव, जरा तापलो, आणि पूर्ण ताकदीने मारला तो ठोसा त्याच्या नाकाऐवजी कपाळावर बसला कारण त्याने मान खाली घातली. त्याला टेंगूळ आलं, माझं करंगळीमागचं तळहाताचं हाड मोडलं. डॉक्टर हसत म्हणाले याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात पण खरे बॉक्सर असं मारत नाहीत. प्लास्टर लागलं, केळीच्या बागेतली कामं भावाने केली आणि वर्षभर ऐकवली. कराटेत तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनीच मारा म्हणून डोकं खातात ते उगीच नाही, ती दोन हाडं मनगटाच्या सरळ रेषेत येतात. ताकद जितकी जास्त तितका चुकलेला नेम महाग पडतो, हे लिहून ठेवा.

बरं आता करायचं काय. तेरा वर्षांच्या पोराला रोज काय द्यायचं ते सांगतो, क्लास सोडून घरी पंचवीस मिनिटं पुरे. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा पहाटे करा नाहीतर करू नका.

अंगणात खडूने एक आडवी रेष मारा, पुढे त्याच्या एका पावलाच्या अंतरावर दुसरी. ओट्याच्या लाकडी आढ्याला दोऱ्याने लिंबू टांगा, त्याच्या हनुवटीच्या उंचीला. पहिले आठ दिवस हात वापरायचाच नाही. फक्त पाय. बाहेरच्या रेषेवरून आत, आतून बाहेर, डावीकडून, उजवीकडून, आणि दर वेळी थांबल्यावर हात सरळ केला तर मूठ लिंबाला जेमतेम टेकली पाहिजे. जास्त आत नाही, कमी नाही. पोरगं कंटाळेल, म्हणेल हे काय. आमचे वस्ताद अशा वेळी म्हणायचे, "घाई काबर करस? पहिले पाय ठेव, मंग हात टाक."

मग हात. लिंबू स्थिर असताना हळू, मग लिंबू हलवून. इथे एक चूक मी स्वतः खूप वर्षं केली, ती तुम्ही करू नका. स्पीड वाढली की नेम ढळतो हे जुनंच आहे, पॉल फिट्स यांनी १९५४ ला ते मोजून मांडलं, जागा लहान आणि अचूक लागायचं असेल तर वेळ जास्त लागतो. त्यावरून मी असा अर्थ काढला की पोरांना वर्षभर फक्त हळूच करू द्यायचं. परिणाम काय झाला, पोरं कातामध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींत, इतकी सुंदर दिसायला लागली की पालक फोटो काढायचे, आणि कुमितेत प्रत्येक जण अर्धा सेकंद उशिरा. हळू केलेला नेम आणि पूर्ण वेगातला नेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता मी दहातले सात फटके हळू घेतो आणि तीन पूर्ण वेगात, ते तीन चुकले तरी ओरडायचं नाही. चुकू द्या. महिन्याने मोजा किती चुकतात.

ताकदीसाठी या वयात जोर, बैठका, दोरीवर चढणं, मल्लखांब मिळाला तर उत्तमच, म्हणजे स्वतःचं वजन. लोखंड उचलायचंच असेल तर नीट शिकवणारा समोर पाहिजे, मोठ्या मुलांचं बघून नको. बॅग हवी असेल तर विकत आणू नका, दोन बारदानं एकात एक घालून जुने कपडे ठासून भरा. वाळू भरू नका, ती खाली बसून दगड होते आणि पोराचं मनगट जातं. बॅगवर आठवड्यात दोनच दिवस, कारण बॅग हलत नाही आणि उलट मारत नाही, तिच्यावर सगळेच शूर असतात.

आणि सरांशी भांडू नका, मामालाही काही बोलू नका. महिन्यातून एकदा पोराचा कुमितेचा व्हिडिओ काढा, पण सगळे बाप काढतात तसा तोंडावर झूम करून नको. बाजूला उभे राहा आणि मोबाईल गुडघ्याच्या उंचीला धरा. रात्री जेवण झाल्यावर आवाज बंद करून तिघांनी बघा, सर, मामा आणि पोरगं, आणि मोजा की ठोसा निघायच्या आधी त्याचा पुढचा पाय टेकलेला असतो की हवेत.